एका धर्मगुरूचे अपुरे राहिलेले पुस्तक

विज्ञान आणि श्रद्धा या विषयावर आपल्या नियतकालिकांतून लेख येतात, तेव्हा त्यांत काही नावे ठरलेली असतात. आनुवंशिकतेचे नियम शोधणारे मेंडेल, विश्वाच्या प्रसरणाचा सिद्धान्त मांडणारे लमेत्र, पेकिंग मानवाच्या संशोधनात सहभागी असलेले तेयार द शार्दँ. ही नावे घ्यावयाची, हे सारे धर्मगुरू किंवा मठवासी होते हे सांगावयाचे, आणि ख्रिस्तसभेचे विज्ञानाशी वैर नाही असा निष्कर्ष काढून लेख पुरा करावयाचा, अशी एक पद्धत पडून गेली आहे. निष्कर्षाशी आमचे भांडण नाही. पण या पद्धतीत त्या माणसांचे काम वाचले जात नाही. त्यांचा झगा तेवढा पुढे केला जातो. ज्याने तीस-चाळीस वर्षे एखाद्या प्रश्नाशी झुंज दिली, त्याचे आपल्याकडील स्थान वादविवादातील एका ढालीपुरते उरते.

या यादीत सहसा न येणारे एक नाव आम्ही येथे विचारासाठी घेत आहोत. ते आहे जर्मन प्रागितिहासकार फादर ह्यूगो ओबरमायर यांचे. युरोपातील पुराश्मयुगाच्या अभ्यासात त्यांचे स्थान मोठे आहे. स्पेनमध्ये तर या विषयाच्या विद्यापीठीय अध्यापनाचा पाया त्यांनीच घातला. तरीही त्यांना ढाल म्हणून वापरणे सोपे नाही. त्यांच्या कार्यात मोठे यश आहे, तसे मोठे अपुरेपणही आहे. काही निष्कर्ष टिकले, काही सपशेल मोडीत निघाले. म्हणूनच धर्मगुरू असलेल्या संशोधकाचे काम कसे वाचावे, हे तपासून पाहण्यासाठी त्यांचे उदाहरण आम्हांस उपयोगी वाटते.

ओबरमायर यांचा जन्म २९ जानेवारी १८७७ रोजी बव्हेरियातील रेगेन्सबुर्ग या जुन्या कॅथलिक नगरात झाला. १९०० साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्यानंतर ते व्हिएन्ना विद्यापीठात दाखल झाले. तेथे मोरित्स हॉर्नेस यांच्याकडे त्यांनी प्रागितिहासाचे आणि आल्ब्रेख्त पेंक यांच्याकडे हिमयुगाच्या भूगोलाचे धडे घेतले. आल्प्स पर्वतातील हिमनद्यांच्या खुणांवरून ग्युन्झ, मिंडेल, रिस आणि व्युर्म अशी चार हिमावर्तने ठरविणारे पेंक ते हेच. १९०४ मध्ये ओबरमायर यांना डॉक्टरेट मिळाली. प्रबंधाचा विषय होता हिमयुगातील मध्य युरोपात मानवाचा प्रसार. पुढील आयुष्यभर त्यांनी जे केले त्याचे बीज या विषयात आहे: माणसाची हत्यारे एका हाती आणि बर्फाच्या खुणा दुसऱ्या हाती घेऊन दोहोंचा काळ जुळवीत जाणे.

व्हिएन्नाहून ते पॅरिसला गेले आणि मार्सेलँ बूल व आबे आंरी ब्रय यांच्या वर्तुळात आले. त्या काळी 'इओलिथ' नावाच्या दगडांवरून मोठा वाद चालू होता. फार जुन्या, तृतीयक कालखंडातील थरांत कडा फुटलेल्या गारगोट्या सापडत. त्या मानवाने घडविलेल्या आहेत असे मानले, तर मानवाचे प्राचीनत्व एकदम अनेक लक्ष वर्षांनी मागे जात होते. १९०५ साली पॅरिसच्या परिसरातील माँत येथील सिमेंटच्या कारखान्यात एक साधी गोष्ट ध्यानात आली. तेथे खडू पाण्यात ढवळण्याची मोठी कुंडे होती. खडूबरोबर आलेल्या गारगोट्या त्यांत एकमेकींवर आपटत, आणि बाहेर निघत तेव्हा त्यांच्या कडा हुबेहूब इओलिथसारख्या फुटलेल्या असत. बूल आणि कार्तायाक यांच्याबरोबर ओबरमायर यांनीही हे पाहिले आणि त्यावर लिहिले. माणसाचा हात न लागताही दगड असा फुटू शकतो, हे त्यातून दिसून आले.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. एका धर्मगुरूने मानवाच्या अतिप्राचीनत्वाचा एक पुरावा खोडून काढला, हे वाचून आपल्यापैकी काहींना समाधान वाटेल. ते समाधान फसवे आहे. ज्या कसोटीने ओबरमायर यांनी इओलिथ नाकारले, त्याच कसोटीने त्यांनी चतुर्थक कालखंडातील हातकुऱ्हाडी स्वीकारल्या, आणि मानव हिमयुगाच्या अनेक आवर्तनांचा साक्षीदार आहे हे मान्य केले. उत्पत्तीच्या ग्रंथातील वंशावळींची बेरीज करून जगाचे वय काही हजार वर्षे ठरविणाऱ्यांना या हिशेबात जागा नव्हती. नाकारणे आणि स्वीकारणे या दोन्हींसाठी एकच माप वापरणे, हा त्यांच्या कामाचा पहिला गुण होय.

हे काम कोणत्या काळात चालले होते हेही ध्यानात घ्यावे. १९०७ मध्ये पोप दहावे पायस यांनी 'पाशेंदी' या विश्वपत्राद्वारे आधुनिकतावादाचा धिक्कार केला. १९०९ च्या जूनमध्ये बायबलविषयक परमधर्मपीठीय आयोगाने उत्पत्तीच्या पहिल्या तीन अध्यायांविषयी निर्णय दिला. मानवाची विशेष निर्मिती आणि मानववंशाचे ऐक्य यांसारख्या श्रद्धेच्या पायाशी निगडित गोष्टींत त्या अध्यायांचा ऐतिहासिक अर्थ नाकारता येणार नाही, असे आयोगाने बजावले. मात्र 'दिवस' या शब्दाचा अर्थ एखादा कालखंड असा घेण्यास मोकळीक ठेवली. १९१० पासून धर्मगुरूंना आधुनिकतावादाविरुद्ध शपथ घ्यावी लागे. ती १९६७ पर्यंत चालू होती. अशा हवेत प्रागितिहासाच्या क्षेत्रात धर्मगुरू मात्र लक्षणीय संख्येने वावरत होते. १९०८ साली फ्रान्समध्ये ला शापेल-ओ-सँ येथे नेआंडरथल मानवाचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा उजेडात आणणारे बुइसोनी बंधू आणि बार्दाँ हेही धर्मगुरूच. तो देह हेतुपुरस्सर पुरलेला होता, ही त्यांची नोंद आजही चर्चेच्या केंद्रस्थानी आहे.

त्याच १९०८ च्या ऑगस्टमध्ये ओबरमायर ऑस्ट्रियात डॅन्यूबकाठच्या विलेनडॉर्फ येथील उत्खननात होते. योझेफ सोंबाती यांच्या नेतृत्वाखाली योझेफ बायर आणि ते स्वतः कामावर देखरेख करीत. ७ ऑगस्ट रोजी एका मजुराला चुनखडीची अवघी अकरा सेंटिमीटर उंचीची स्त्रीमूर्ती सापडली. तीच पुढे 'विलेनडॉर्फची व्हीनस' म्हणून जगप्रसिद्ध झाली. शोधाचे श्रेय कोणाचे यावर देखरेख करणाऱ्या विद्वानांत पुढे कटुता निर्माण झाली. ज्याच्या हाताखालून ती निघाली त्या मजुराचा त्या वादात कोणीच पक्षकार नव्हता. प्रागितिहासाच्या शास्त्रातील हा एक जुना अन्याय आहे आणि आमचे चरित्रनायकही त्याला अपवाद नव्हते, असे म्हणावे लागते.

१९१० मध्ये मोनाकोचे राजे पहिले आल्बेर यांनी पॅरिसमध्ये मानवी पुराजीवशास्त्राची संस्था स्थापन केली. ओबरमायर तिच्यात प्राध्यापक झाले, आणि संस्थेच्या वतीने उत्तर स्पेनमधील पुएंते व्हिएस्गो गावाजवळच्या एल कास्तियो गुहेचे उत्खनन त्यांच्याकडे आले. गुहेतील चित्रे १९०३ मध्ये एर्मिलिओ अल्काल्दे देल रिओ यांनी शोधली होती. ओबरमायर यांनी १९१० ते १९१४ या काळात गुहेच्या तोंडाशी साचलेला सुमारे अठरा मीटर जाडीचा गाळ थराथराने उलगडला. तळाशी प्राचीन पुराश्मयुग, मध्ये मूस्तेरिअन, त्यावर ओरिन्यासिअन, सोल्यूत्रिअन, माग्दालेनिअन, आणि अगदी वर हिमयुग संपल्यानंतरच्या वस्तीच्या खुणा, असा माणसाच्या वास्तव्याचा जवळपास अखंड क्रम एकाच जागी मिळाला. युरोपात असे स्थळ दुर्मीळ. १९११ मध्ये त्याच डोंगरात ओबरमायर आणि त्यांचे सहकारी पाउल वेर्नेर्ट यांनी ला पासिएगा ही दुसरी चित्रगुहा शोधली. १९१३ मध्ये तरुण जेझुइट तेयार द शार्दँ ब्रय यांच्यासमवेत ही उत्खनने पाहण्यास आले होते. त्या डोंगराच्या पायथ्याशी त्या दिवसांत फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि अमेरिकन अभ्यासक खांद्याला खांदा लावून काम करीत होते.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले आणि हे सारे एका महिन्यात विस्कटले. ओबरमायर जर्मन, संस्था फ्रान्समधली. पॅरिसला परतणे अशक्य झाले, पद गेले, आणि उत्खननातील सामग्री व टिपणे वेगवेगळ्या ठिकाणी विखुरली. काल सहकारी असलेले लोक आज शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. तटस्थ स्पेनमध्ये अडकून पडलेल्या या धर्मगुरूला आस्तुरियासमधील वेगा देल सेयाचे काउंट, रिकार्दो दुके दे एस्त्रादा यांनी आसरा दिला. काउंट स्वतःही कसलेले संशोधक होते. समुद्रकाठच्या शिंपल्यांच्या ढिगांतून त्यांनी 'आस्तुरिअन' ही संस्कृती ओळखली. माद्रिदच्या राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालयाशी जोडलेल्या संशोधन आयोगात ओबरमायर यांना काम मिळाले.

निर्वासिताच्या या काळात त्यांनी काय केले हे पाहण्यासारखे आहे. मोठे उत्खनन हातून गेले होते. त्यांनी डोंगर चढण्यास प्रारंभ केला. पिकोस दे एउरोपा, ग्रेदोस, सिएरा नेवादा, ग्वादार्रामा या पर्वतराजींतील प्राचीन हिमनद्यांच्या खुणांवर त्यांचे अभ्यास १९१४ ते १९१७ या वर्षांत प्रसिद्ध झाले. त्यांतील काहींत हुआन कारांदेल हे त्यांचे सहकारी होते. आल्प्समध्ये गुरूंनी जे केले ते शिष्याने स्पेनमध्ये केले. १९१६ मध्ये त्यांचा 'एल ओंब्रे फोसिल' म्हणजे 'अश्मीभूत मानव' हा ग्रंथ आला. १९२४ मध्ये त्याची इंग्रजी आवृत्ती अमेरिकेत निघाली आणि १९२५ मध्ये स्पॅनिशची दुसरी, वाढविलेली आवृत्ती आली.

ओबरमायर यांची खरी परीक्षा या ग्रंथावरून करावी. ग्रंथाची रचना एखाद्या काळजीपूर्वक बांधलेल्या भिंतीसारखी आहे. तृतीयक मानवाचा प्रश्न आधी निकालात काढला जातो. मग हिमयुग, त्यातील वनस्पती आणि प्राणी, मग पुराश्मयुगाचे टप्पे, मग इबेरियन द्वीपकल्पातील स्थळांचा तपशील, मग कला, कालगणना आणि शेवटी मानवी अवशेष. लेखक माणसाच्या हाडांपर्यंत उशिरा येतो. आधी त्याची भूमी, हवामान, शिकार आणि हत्यारे यांची ओळख करून देतो. प्रत्येक स्थळाचा थर आणि प्राण्यांची हाडे सांगितल्याशिवाय त्याचा काळ ठरविला जात नाही. शैली कोरडी आहे. वाचकाला थक्क करण्याची तिला घाई नाही.

या ग्रंथात उत्पत्तीच्या ग्रंथाशी मेळ घालण्याचा खटाटोप नाही. 'दिवस' म्हणजे हिमावर्तन, किंवा आदाम म्हणजे अमुक थरातील मानव, अशी जुळवाजुळव करण्याचा मोह त्या काळातील कॅथलिक लेखकाला होणे स्वाभाविक होते; आपल्याकडे आजही अनेकांना तो होतो. ओबरमायर त्या वाटेला गेले नाहीत. आम्हांस यात त्यांची श्रद्धा दुबळी झाल्याचे चिन्ह दिसत नाही. ते अखेरपर्यंत धर्मगुरू राहिले आणि माद्रिदमध्ये आल्बाच्या ड्यूकांच्या घराण्याचे चॅप्लेन म्हणून सेवा करीत राहिले. दगडाने बायबलची साक्ष द्यावी अशी मागणी केली, की पुढे कधीतरी तोच दगड उलट साक्ष देतो, हे थरांत काम करणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नसावे.

तथापि या मौनाची दुसरी बाजूही समीक्षकाने मांडली पाहिजे. ज्या माणसाला दोन्ही भाषा अवगत होत्या, धर्मविद्येची आणि थरांची, त्याने दोहोंमधला संवाद उघडपणे चालविला असता तर कॅथलिक वाचकाला केवढा आधार मिळाला असता. तेयार द शार्दँ यांनी तो प्रयत्न केला आणि त्यांचे प्रमुख तत्त्वचिंतनात्मक लेखन त्यांच्या हयातीत छापले जाऊ शकले नाही. ओबरमायर यांनी मोठ्या प्रश्नाला हात घातला नाही आणि त्यांची पुस्तके छापली गेली. एकाला धाडसी आणि दुसऱ्याला सावध म्हणून निकाल देणे सोपे आहे, पण आम्ही ते करणार नाही. तेयार यांना ज्यावर चिंतन करता आले ते कालमान आणि ते पुरावे ओबरमायर, ब्रय, बुइसोनी यांच्यासारख्यांनी गुहांत गुडघे टेकून मिळविलेले होते. मानवी शरीराच्या उत्क्रांतीविषयी विचारविनिमयास 'हुमानी जेनेरिस' या विश्वपत्राने १९५० मध्ये वाट दिली, आणि उत्क्रांतीचा सिद्धान्त केवळ गृहीतक राहिलेला नाही असे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ मध्ये परमधर्मपीठीय विज्ञान अकादमीला कळविले. यांपैकी काहीही पाहण्यास ओबरमायर हयात नव्हते.

आणखी एक तुलना आम्हांस महत्त्वाची वाटते. १९१२ या एकाच वर्षी जर्मन भाषेत दोन पुस्तके पुढे आली. एक ओबरमायर यांचे 'डेर मेन्श डेर फोरझाइट', म्हणजे 'प्रागैतिहासिक काळातील मानव'. दुसरे बर्लिनचे प्राध्यापक गुस्ताफ कोसिना यांचे. त्याच्या शीर्षकातच जर्मन प्रागितिहास हे एक श्रेष्ठ राष्ट्रीय शास्त्र असल्याचे घोषित केले होते. मडक्याच्या घाटावरून वंश ओळखावा आणि वंशावरून भूमीवरचा हक्क सांगावा, हा कोसिना यांच्या विचाराचा रोख. १९३३ नंतर नात्सी राजवटीने तो आनंदाने उचलला. ओबरमायर यांच्या पुस्तकाचा नायक जर्मन नाही, स्पॅनिशही नाही. तो हिमयुगातील मानव आहे, आणि त्याचा मागोवा घेताना लेखक सरहद्दी ओलांडत जातो. १९२४ मध्ये त्यांनी स्पॅनिश नागरिकत्व स्वीकारले. पुढे लिओ फ्रोबेनिउस यांच्यासह सहाराच्या शैलचित्रांवर आणि हेर्बर्ट क्यून यांच्यासह दक्षिण-पश्चिम आफ्रिकेतील बुशमन कलेवर त्यांनी ग्रंथ लिहिले. मानववंशाचे ऐक्य हे ज्या ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीचे अंग आहे, तिच्या धर्मगुरूला ही व्यापक दृष्टी लाभावी हे सुसंगतच म्हटले पाहिजे. मात्र तेवढ्यावरून आपण पाठ थोपटून घेऊ नये. कॅथलिक घरांत वाढलेले अनेकजण त्याच काळात त्याच देशात दुसऱ्या बाजूला उभे होते.

१९२२ मध्ये माद्रिद विद्यापीठाने 'मानवाचा आदिम इतिहास' या विषयाचे अध्यासन निर्माण केले आणि ते ओबरमायर यांना दिले. आंतोनिओ गार्सिआ इ बेयिदो, मार्तीन आल्माग्रो, हुलिओ कारो बारोहा अशी पुढे गाजलेली मंडळी त्यांच्या व्याख्यानांस बसली. १९२६ मध्ये त्यांना इतिहासाच्या राजकीय अकादमीत प्रवेश मिळाला. याच काळात ते अल्तामिराकडे वळले. तेथील रानगव्यांची चित्रे १८७९ मध्ये मार्सेलिनो सान्स दे साउतुओला यांच्या लहान मुलीच्या नजरेस पडली होती. विद्वानांनी त्यांची टर उडविली. साउतुओला १८८८ मध्ये वारले आणि कार्तायाक यांनी आपली चूक कबूल केली ती १९०२ मध्ये. ओबरमायर यांनी १९२४-२५ मध्ये तेथे उत्खनन केले, छत कोसळू नये आणि लोकांना नीट आत जाता यावे यासाठी चाललेल्या कामांत ते सहभागी झाले. १९३५ मध्ये ब्रय यांच्यासह त्यांचा अल्तामिरावरचा मोठा ग्रंथ निघाला. महायुद्धाने दोन तटांत विभागलेले दोन धर्मगुरू एका मुखपृष्ठावर पुन्हा एकत्र आले, ही गोष्ट आम्हांस त्या ग्रंथातील चित्रांइतकीच बोलकी वाटते.

अल्तामिराच्या कामाचे फळ मात्र मिश्र निघाले. गुहा लोकांसाठी सुकर झाली, आणि लोक आले. पुढील दशकांत माणसांच्या श्वासाने आणि उष्णतेने चित्रांना धोका पोहोचला. अखेर २००२ मध्ये मूळ गुहा बंद करावी लागली. तोपर्यंत शेजारी तिची प्रतिकृती उभी राहिली होती. १९२५ साली हा धोका कोणास दिसत नव्हता, म्हणून दोष देण्याचे कारण नाही. पण जतन करणे आणि दाखविणे यांतला पेच तेव्हापासूनचा आहे.

१९३६ च्या उन्हाळ्यात स्पेनमध्ये यादवी युद्ध भडकले, तेव्हा ओबरमायर देशाबाहेर होते. ऑस्लो येथे प्रागितिहासाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. प्रजासत्ताकाच्या भागात धर्मगुरूंच्या हत्या होत होत्या, आणि दुसऱ्या बाजूचे हातही स्वच्छ नव्हते. ते माद्रिदच्या आपल्या अध्यासनावर पुन्हा रुजू झाले नाहीत. दुसऱ्यांदा युद्धाने त्यांचे घर, ग्रंथ आणि शिष्य हिरावून घेतले. स्वित्झर्लंडमधील फ्रीबूरच्या कॅथलिक विद्यापीठाने त्यांना जागा दिली आणि तेथेच १२ नोव्हेंबर १९४६ रोजी त्यांचे देहावसान झाले.

आता हिशेब मांडू. ओबरमायर यांचे काही मोठे निष्कर्ष आज टिकलेले नाहीत. स्पेनच्या पूर्व भागातील उघड्या कातळांवरची, धनुर्धारी शिकाऱ्यांची चित्रे हिमयुगातील आहेत असे ते आणि ब्रय मानीत. ती हिमयुग संपल्यानंतरची आहेत असे स्पेनमधील काही संशोधक त्याच वेळी सांगत होते, आणि आजचे मत त्यांच्या बाजूचे आहे. उत्तर आफ्रिकेतील कॅप्सिअन संस्कृती स्पेनमध्ये उतरली, ही त्यांची मांडणीही मागे पडली. त्यांनी मांडलेली कालगणना तर फारच आखूड ठरली. चार हिमावर्तनांची चौकटच आता अधिक गुंतागुंतीच्या चित्राला जागा देऊन गेली आहे. हे सर्व शास्त्राच्या स्वभावाला धरून झाले आणि त्याबद्दल कोणाही संशोधकाला लाज वाटण्याचे कारण नाही.

आमची खरी तक्रार वेगळी आहे. एल कास्तियोच्या उत्खननाचा संपूर्ण अहवाल ओबरमायर यांनी कधीच प्रसिद्ध केला नाही. १९१४ च्या युद्धाने टिपणे आणि वस्तू विखुरल्या हे खरे. पॅरिसच्या संस्थेशी संबंध तुटले हेही खरे. परंतु त्यानंतर बत्तीस वर्षे ते हयात होते, आणि त्यांतील बराच काळ ते स्पेनमध्येच, त्या गुहेपासून एका दिवसाच्या प्रवासाच्या अंतरावर होते. उत्खनन ही परत न करता येणारी क्रिया आहे. काढलेला थर पुन्हा जागेवर बसविता येत नाही. ज्याने तो काढला त्याची नोंद हाच त्याचा उरलेला एकमेव पुरावा. ती नोंद लोकांसमोर ठेवणे हे खोदण्याइतकेच बंधनकारक कर्तव्य आहे. अखेर व्हिक्तोरिआ काब्रेरा व्हाल्देस या स्पॅनिश संशोधिकेने जुनी टिपणे आणि वेगवेगळ्या संग्रहालयांत पडलेल्या वस्तू धुंडाळून १९८४ मध्ये त्या उत्खननाचे पुस्तक सिद्ध केले. ओबरमायर यांच्या सर्वांत मोठ्या कामाचे पुस्तक दुसऱ्या कोणीतरी, त्यांच्या मृत्यूनंतर अडतीस वर्षांनी लिहिले.

याच घटनेत त्यांच्या बाजूचा पुरावाही आहे. सत्तर वर्षांनंतर असे पुस्तक लिहिता आले, याचे कारण उत्खननाच्या वेळी थर वेगळे ठेवले गेले होते आणि कोणती वस्तू कोणत्या थरातली हे टिपलेले होते. त्या काळातील अनेक उत्खननांविषयी असे म्हणता येत नाही. पुढील पिढ्यांना त्या गुहेत पुन्हा उतरून नव्या साधनांनी काम करता आले. २०१२ मध्ये युरेनियमवर आधारित पद्धतीने एल कास्तियोतील एका तांबड्या वर्तुळाचे वय किमान ४०,८०० वर्षे ठरविण्यात आले. २०१८ मध्ये ला पासिएगातील एका शिडीसारख्या रेखाकृतीला किमान ६४,००० वर्षे मागे नेण्यात आले. हा काळ खरा असेल तर ती खूण नेआंडरथलांनी काढलेली ठरते. त्यावर अद्याप वाद आहे. इओलिथचा वाद आठवणाऱ्या वाचकाला कळेल की येथेही तेच माप लागणार: दगड काय सांगतो, आणि आपण त्याच्याकडून काय वदवून घेतो.

आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत शाळकरी मुले विचारतात, आदाम खरा की गुहेतला माणूस खरा? बहुधा त्यांना गप्प केले जाते, किंवा एखाद्या शास्त्रज्ञ धर्मगुरूचे नाव सांगून विषय बदलला जातो. दोन्ही उत्तरे मुलांच्या प्रश्नाचा अपमान करतात. ओबरमायर यांच्याकडून घेण्यासारखे आहे ते असे की प्रश्नाला त्याच्या जागी उत्तर द्यावे. उत्पत्तीचा ग्रंथ मानवाचे ईश्वराशी, सृष्टीशी आणि परस्परांशी असलेले नाते सांगतो. ते नाते कोणत्याही थरात सापडणार नाही आणि कोणत्याही थराने खोटे ठरणार नाही. गुहेतला माणूस कधी जगला, काय खात होता, मृताला कसे पुरत होता, हे थरच सांगतील, आणि ते सांगतील तेवढेच मानावे लागेल. मुलाला हे दोन्ही नीट सांगण्यासाठी शिक्षकाला दोन्हींचा अभ्यास करावा लागतो. तो टाळण्यासाठी नावांची यादी वापरली जाते.

म्हणून ओबरमायर यांचे नाव त्या यादीच्या अखेरीस जोडावे अशी आमची शिफारस नाही. त्यांचे काम त्यातील चुका आणि अपुरेपणा यांच्यासह वाचले जावे एवढीच अपेक्षा आहे. दोन युद्धांनी दोनदा उठविलेल्या या माणसाने प्रत्येक वेळी जेथे पाय टेकले तेथे मिळेल ते काम नेकीने केले. एक मोठे कर्तव्य त्याच्या हातून राहिले, आणि ज्या शिस्तीने त्याने टिपणे ठेवली होती त्या शिस्तीमुळेच ते दुसऱ्याला पुरे करता आले. धर्मगुरू असल्यामुळे त्याला यांत सवलत मिळू नये आणि धर्मगुरू असल्यामुळे त्याच्याकडे संशयानेही पाहिले जाऊ नये. श्रद्धावंत वाचकाने संशोधकाला द्यावयाचा मान तो हाच, असे आम्हांस वाटते.